साटंलोटं

"टोपी घाल," अक्का म्हणाली. "बोडक्या डोक्यानं मुलगी बघायला जातात का कुठं?"

मी आरशासमोर उभा होतो. वय सहासष्ट. केस म्हणाल तर कानांवर उरलेली पांढरी झालर, पुढचे दोन दात गेलेले, पोट आचाऱ्याला शोभेल असं. असा मी नवरामुलगा. तरी निमूटपणे ट्रंक उपसून टोपी काढली आणि घातली.

"आणि हे बघ दिगू, तिथं फार बडबड करू नकोस. बोलायचं ते मी बोलेन."

"बरं अक्का."

"पोह्यांवर हावरटासारखा तुटून पडू नकोस."

हे मात्र मला लागलं. अहो, मी दिगंबर आचारी! कऱ्हाडपासून विट्यापर्यंत लोकांची लग्नं जेवू घातलीत मी. दुसऱ्याच्या घरचे पोहे बघून मला फार तर त्या पोह्यांची दया येते. पण त्या सकाळी मला तोंड उघडायला जागाच नव्हती, कारण मुलगी बघायला जायची थाप माझीच होती.

अक्कानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. पिशवीत नारळ घेतला, खडीसाखरेची पुडी घेतली. दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, परत ओढून बघितलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्या घराची किल्ली मी कधी बाळगलीच नव्हती. मी कधीही आलो तरी दार उघडायला अक्का असायचीच.

बाहेर रिक्षा उभी होती. अक्का उंबरा ओलांडून खाली उतरली तेव्हा मला हायसं वाटलं. वर्षभर ती घराबाहेर पडली नव्हती. देवळात म्हटलं तरी नाही, दवाखान्यात म्हटलं तरी नाही, "मला कुठं सोडून यायचा बेत आहे तुझा?" असं म्हणून खाटेचा खूर धरून बसायची. शेवटी वैतागून मी म्हटलं, "अगं, माझ्यासाठी मुलगी बघायला जायचंय, येतेस का नाही?" आणि बाई ताडकन उठली.

आता थोडं मागचं सांगतो.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिला फलटणला दिली होती, पण नवऱ्यानं नांदवलं नाही. पत्र्याची पेटी घेऊन परत आली ती कायमची. तेवढ्यात आई गेली. मग मला न्हाऊ-माखू घालणं, शाळेत पिटाळणं, आजारपणं काढणं, सगळं अक्कानं केलं. वडलांच्या हाताखाली मी आचारी झालो, तेही गेले, आणि मग आम्ही दोघंच राहिलो. माझं लग्न झालं नाही. "लोकांच्या लग्नाचे लाडू वळता वळता माझं राहूनच गेलं," असं मी हसत सांगायचो. लोकही हसायचे आणि पुढचं विचारायचे नाहीत.

मग अक्का विसरायला लागली. आधी माणसांची नावं, मग वार, मग जेवलो की नाही तेच. एकदा मी एका लग्नाच्या कामावर असताना तिनं रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं आणि अंगणात जाऊन बसली. शेजाऱ्यांनी दार ढकलून गॅस बंद केला म्हणून घर राहिलं. मी ब्यूरोतून दिवसाची बाई आणली. अक्कानं तिच्यावर चोरीचा आळ घेतला. दुसरी आणली, तिच्या अंगावर लाटणं घेऊन धावली. तिसरीनं ते ऐकून चपलासुद्धा काढल्या नाहीत.

आणि त्यातच माझ्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, स्टेंट घालावा लागेल, लांबवू नका.

"काका, अक्कांचं काय करणार आहात?" त्यांनी विचारलं.

"बघीन मी."

"बघीन म्हणजे काय? घरी बाई टिकत नाही. दिवसभर सांभाळणारं केंद्र आहे, सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. पण तुमची कामं रात्रीबेरात्री संपतात. वृद्धाश्रम आहेत, पण तिथं स्वतःचं स्वतः करणारी माणसं लागतात. राहिलं ते कायमचं शुश्रूषेचं ठिकाण. तिथं नर्स असते, विसरणाऱ्या माणसांची सवय असते."

"माझी अक्का मी कुणाला देणार नाही," मी म्हणालो. चांगल्याच चढ्या आवाजात म्हणालो.

डॉक्टर शांत माणूस. "नका देऊ. पण उद्या तुम्हीच आडवे झालात तर त्यांना पाण्याचा पेला कोण देणार, तेवढं मला सांगा."

मी रस्त्यावर आलो आणि दवाखान्याच्या पायरीवर कितीतरी वेळ बसून राहिलो. सगळ्या तालुक्यात मला ओळखत नाही असं घर नव्हतं, आणि विचारायला एक माणूस नव्हता.

म्हणून ही रिक्षा, ही टोपी आणि हा नारळ.

पहिलं ठिकाण वृद्धाश्रमच होतं. डॉक्टर नको म्हणाले तरी मला वाटलं, बोलून बघू, एखादा माणूस मनावर घेतो. व्यवस्थापकांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. अक्का पदर सावरून बसली आणि खोलीवरून नजर फिरवायला लागली.

"रात्री उठतात का?" व्यवस्थापकांनी मला विचारलं.

"उठते कधीकधी."

"बाथरूमला स्वतः जातात? घराबाहेर निघून वगैरे जातात का?"

अक्कानं कपाळाला आठ्या घातल्या. "हे कसलं विचारणं? मुलगा काय करतो ते विचारा. निर्व्यसनी आहे. हाताला चव आहे. पंचक्रोशीत नाव आहे त्याचं."

व्यवस्थापक माझ्याकडे बघायला लागले. मी टोपी काढून हातात घेतली. अक्कानं डोळे वटारले, तशी परत घातली.

"माफ करा," ते हळू आवाजात म्हणाले, "विसरणारी माणसं आम्ही घेत नाही. लक्ष ठेवायला तेवढी माणसं नाहीत आमच्याकडे. उद्या काही झालं तर जबाबदारी येते."

झालं! अक्का उठली. नारळ पिशवीत परत घातला. "नको तर नको! आम्हाला काय एकच घर आहे? एवढा कर्ता मुलगा दाराशी आला आणि यांना किंमत नाही. चल रे दिगू."

रिक्षात बसल्यावर तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी लहान असताना थोपटायची तसं थोपटायला लागली.

"मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "तुझ्यात काही खोट नाही. त्यांचंच घर अंधारं होतं."

मी बाहेर बघत राहिलो. रिक्षावाल्याला म्हटलं, दुसऱ्या पत्त्यावर घे.

दुसरं ठिकाण गावाबाहेर होतं. बैठा बंगला, पुढे पेरूची झाडं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या भोरेबाई नावाच्या सिस्टर ते चालवत होत्या. उंच, सावळी बाई, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं आणि मला काही विचारायच्या आधी अक्काकडे वळून म्हणाल्या, "आजी, दमलात का? पाणी घ्या आधी."

अक्का पाणी प्यायली. पेला पुसून खाली ठेवला. "विहीणबाई," ती म्हणाली, "तुमच्याकडं पाणी गोड आहे."

भोरेबाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या टोपीकडे पाहिलं, अक्काच्या मांडीवरच्या नारळाकडे पाहिलं.

"विहिरीचं आहे, आजी."

"उन्हाळ्यात आटत नाही ना?"

"नाही आटत."

"घरात माणसं किती?"

"भरपूर आहेत. तुमच्या वयाची जास्त."

"म्हणजे एकत्र कुटुंब," अक्का खूश झाली. "हे बरं. चहा-पोहे राहू द्या, मला घर दाखवा. मुलीला काय बघायचं? पोह्यांची बशी हातात धरली की सगळ्याच मुली गरीब दिसतात. घर बघावं माणसानं."

भोरेबाईंनी तिचा हात धरला आणि घर दाखवायला नेलं. मी मागं. खोल्या बघितल्या. प्रत्येक खोलीत दोन-तीन पलंग, पलंगांना कडेनं आडवे दांडे. मोरीत भिंतीला धरायला नळ्या. अक्का प्रत्येक नळी हलवून बघत होती. स्वयंपाकघरात मी वरणाचं झाकण उचलून वास घेतला, सवयच ती. हिंग कमी होता, पण तूर चांगली शिजली होती.

कोपऱ्यातल्या खोलीत एक म्हातारी खुर्चीवर बसली होती. अक्काहून पुष्कळ थकलेली. एक बाई तिच्यासमोर स्टुलावर बसून मऊ भात भरवत होती. म्हातारी तोंड घट्ट मिटून घेई. बाई थांबे. काहीतरी बोले, हसे, परत चमचा पुढे करी. एकदा म्हातारीनं सगळा घास बाहेर टाकला, तो त्या बाईच्या ओच्यात पडला. बाईनं आधी म्हातारीचं तोंड पुसलं, मग स्वतःचा पदर.

अक्का दारात उभी राहिली ती हलेचना. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, थांब.

तेवढ्यात भोरेबाईंनी मला बाजूला घेतलं. "काय सांगून आणलंय त्यांना?"

मी सांगितलं. सांगताना कान तापले.

त्या हसल्या नाहीत. "घरून निघतच नव्हत्या ना? असं होतं. पण काका, एक लक्षात ठेवा. आम्ही इथं यांना खोटं पाडत नाही. त्या ज्या जगात आहेत त्याच जगात जाऊन त्यांच्याशी बोलायचं. तुम्ही हे लग्न काढलंय, आता तुम्हालाच ते निभवावं लागेल."

तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ नीट कळला नाही. मी विचारलं, "घ्याल का तिला?"

"घेऊ. पण मनाविरुद्ध आणलेलं माणूस फार खचतं. एकदोन दिवस येऊन-जाऊन राहू दे. त्यांना रुळू दे आधी."

आम्ही व्हरांड्यात आलो तर अक्का बाकावर बसली होती. तिनं मला शेजारी बसायची खूण केली. भोरेबाई आत गेल्या.

"होकार देऊन टाक," अक्का म्हणाली.

"मुलगी न बघताच?"

"ज्या घरात म्हातारीला असं भरवतात, त्या घरातली मुलगी डोळे मिटून करावी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण दिगू, या वेळी मोडायचं नाही."

"या वेळी म्हणजे?"

"पलूसची कुमुद मोडली तशी."

कुमुद! तीसेक वर्षांहून जास्त काळात आमच्या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. पलूसचं स्थळ होतं. मुलगी मला आवडली होती, म्हणजे चांगलीच आवडली होती, आणि तिलाही मी. तिचे वडील बैठकीला आमच्या घरी आले. सगळं ठरलं आणि मग ते म्हणाले, "फक्त तुमच्या बहिणीची कुठं तरी सोय लावा. परत आलेली नणंद घरात असली की पोरीला संसार करता येत नाही." मी त्यांना उठवलं. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. अक्काला सांगितलं, पत्रिका जमत नाही. ती तेव्हा मागच्या दारी नळावर भांडी घासत होती. निदान मी तरी असंच समजत होतो.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोण सांगणार? पोह्यांवर खोबरं घालायचं राहिलं होतं, म्हणून वाटी घेऊन आत आले. दाराआडच उभी होते."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"काय बोलू? तू पत्रिका म्हणालास, मी पत्रिका म्हटलं." ती पदराच्या टोकाची घडी घालत होती, उलगडत होती. "त्या रात्री जाऊन विहिरीत उडी टाकावी वाटलं. पण तुला सकाळी लग्नाच्या कामावर जायचं होतं. डबा कोण देणार, म्हणून राहिले."

ही बाई सकाळी काय खाल्लं ते विसरते. माझं वय विसरते, स्वतःचं विसरते. आणि खोबऱ्याची वाटी तिच्या लक्षात आहे.

"ऐक," ती म्हणाली, "मी तोड काढलीय. साटंलोटं करू."

"काय?"

"साटंलोटं रे! त्यांची मुलगी आपल्याकडं, आपली मुलगी त्यांच्याकडं. असं होतं पूर्वी, कुणाला कमीपणा नाही. ती येईल तुझ्या घरी आणि मी राहीन इथं. जागा आहे, माणसं चांगली आहेत. सुनेच्या संसारात नणंदेची अडचण नको."

"अक्का, तुझी कसली अडचण? तू घरी चल. आपण दुसरं बघू काहीतरी."

"म्हणजे परत मोडणार तू!" ती एवढ्या जोरात ओरडली की आतून भोरेबाई आल्या. "माझ्यापायी तू एकटा राहिलास, दिगू. माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा होशील असाच एकटा. मला ते बघायचं नाही. मी इथून हलणार नाही. विहीणबाई, सांगा याला!"

भोरेबाई तिच्यापुढं खाली बसल्या. तिचे हात हातात घेतले. "राहा आजी. तुमचंच घर आहे हे."

अक्कानं नारळ त्यांच्या ओटीत घातला, खडीसाखर दिली. मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही सुनेला दे," ती म्हणाली. "म्हणावं, आता घर तुझं."

ज्या कामासाठी मी तिला फसवून आणलं होतं, ते काम असं झालं. माझ्या मनासारखं झालं. आणि मला वाटत होतं, तिनं माझा हात धरावा आणि म्हणावं, चल रे घरी, मला नाही राहायचं इथं. ती व्हरांड्यात उभी राहून हसत होती. लेकीला सासरी पोचवून माणसं परत निघतात तसा मी निघालो.

घरी आलो. सवयीनं कडी वाजवली आणि दारात उभा राहिलो. मग किल्लीची आठवण झाली.

पुढं माझ्या छातीत स्टेंट बसला. शेजाऱ्यांनी चार दिवस पेज आणून दिली. अंगात ताकद आल्यावर पहिल्या रविवारी अक्काला भेटायला गेलो तर तिचा पहिला प्रश्न, "एकटाच आलास? तिला का नाही आणलंस?"

भोरेबाई दारात उभ्या होत्या. लग्न निभवावं लागेल हे त्यांचं बोलणं मला तेव्हा समजलं.

"तिला बरं नाही जरा," मी म्हटलं. "पण डबा दिलाय तिनं तुझ्यासाठी."

डबा मीच केला होता. अक्कानं पोळीचा तुकडा मोडला, भाजीशी खाल्ला आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"हा हात तुझा आहे."

मी घाईनं म्हटलं, "मी जरा मदत केली तिला."

"नको करत जाऊ. शिकू दे तिचं तिला."

तेव्हापासून दर रविवारी मी बिघडवून स्वयंपाक करायला लागलो. हसू नका. आयुष्यभर हजारो पानांचा स्वयंपाक ज्यानं अंदाजानं केला त्या माणसाला भाजीत मीठ कमी घालणं किती जड जातं ते तुम्हाला कळायचं नाही. पोळी मुद्दाम वाकडी लाटायची, एक बाजू कच्ची ठेवायची. अक्का खायची आणि म्हणायची, "अळणी आहे. पण रागावू नकोस तिला. पोर नवी आहे." काही महिन्यांनी मी मीठ थोडं वाढवलं, पोळ्या गोल केल्या. अक्काला कोण आनंद झाला! "बघ, म्हटलं नव्हतं मी? शिकली."

मी तिथं बसलो की मला उठावंसं वाटायचं नाही. पण ऊन कलायला लागलं की अक्का मला घालवायला लागायची. "जा आता. दिवेलागणीला तिला घरी एकटं ठेवू नये." मी चपला घालायचो, बससाठी उभा राहायचो, घरी येऊन कुलूप काढायचो आणि तीच उरलेली अळणी भाजी खाऊन झोपायचो.

वर्षं गेली. अक्का बारीक होत गेली. आता तिला भरवावं लागत होतं आणि भरवणारी बाई तीच होती, स्टुलावर बसणारी. मागच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी गेलो तर अक्का खिडकीशी बसली होती. मी डबा काढला. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि पदर सावरला.

"तुम्ही कुणाकडं आलात?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "तुमच्याकडंच आलोय, आजी."

"बसा मग." ती पेरूच्या झाडाकडे वळली. "माझा भाऊ यायचा होता. दिगू. पण आता त्याला सवड होत नाही. लग्न झालं ना त्याचं."

"हो का?"

"मीच जमवलं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मी तसं समाधान तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. "फार घोर होता मला त्याचा. माझ्यामागं त्याला कोण, असं वाटायचं. आता नाही वाटत. आता तो एकटा नाही."

मी भाजी-पोळीचा घास केला आणि तिच्या तोंडापुढं धरला. तिनं खाल्ला. चव लागली असावी, कारण मान हलवली.

"तुमचं झालंय लग्न?" तिनं विचारलं.

"झालंय."

"मग इथं काय बसलाय?" बाहेर ऊन उतरत होतं. "जा घरी. वाट बघत असेल ती."

"हो," मी म्हणालो. "निघतो."

डबा पिशवीत घातला, खिशातली किल्ली चाचपून बघितली आणि मी निघालो.